राक्षस तयार मिळतील

२५ एप्रिल २०२५ला सिंधमधल्या सक्करच्या सभेत बिलावल भुट्टो झरदारी गरजले : सिंधूतून एक तर आमचं पाणी वाहील, नाही तर त्यांचं रक्त. १२ मेच्या रात्री आपल्या पंतप्रधानांनी देशाला सांगितलं की पाणी आणि रक्त एकत्र वाहू शकत नाही. वाचक हो, तुम्ही चाणाक्ष आहात म्हणून हळूच विचारतो : या दोघांचा लेखनिक एकच आहे काय? उद्या स्वामित्वहक्काचा दावा लागलाच तर तो आपणच जिंकू, कारण हे वाक्य आपण २०१६ सालीच वापरून ठेवलंय. पण दोन अण्वस्त्रधारी देशांची सामरिक प्रज्ञा एकाच यमकावर येऊन बसावी, हा योगायोग नाही. हा धंदा आहे. आणि धंद्यातला माल दोन्हीकडे एकच : राक्षस.

त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील यांनी जाहीर केलं की पाकिस्तानात पाण्याचा एक थेंबही जाऊ देणार नाही. देश म्हणे शहारला. आम्ही नाशिककर शहारलो नाही. हे वाक्य आम्हाला तोंडपाठ आहे. आमच्याकडे फक्त पाकिस्तानच्या जागी पैठण असतं. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांहून कमी साठा असला की समन्यायी पाणीवाटपाचा कायदा जागा होतो आणि त्याच्या पाठोपाठ आमचे झोपलेले पुढारी. २०२३ साली वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा गंगापूर-दारणेच्या काठावर अशी वीरश्री संचारली की जणू पैठणहून रणगाडे निघालेत. पलीकडचा शत्रू कोण? मराठी बोलणारा, एकादशी धरणारा, आमच्यासारखाच सोसायटीच्या कर्जात रुतलेला शेतकरी. आम्ही त्याला चोर म्हणतो, तो आम्हाला लुटारू म्हणतो, आणि दोन्हीकडच्या व्यासपीठावर झेंडे मात्र त्याच पक्षांचे. तेव्हा राक्षस सीमेपलीकडे जन्मतो ही भाबडी समजूत आधी सोडा. राक्षस माईकसमोर जन्मतो. सीमा त्याला नंतर चिकटवतात.

(जाता जाता : सिंधू, झेलम, चिनाब अडवायला भाषण पुरत नाही, धरण लागतं. ते बांधायला वर्षं लागतात आणि त्याला टाळ्या पडत नाहीत. म्हणून आधी भाषण.)

आता या राक्षसाची शरीररचना पाहा. वैद्यकशास्त्राला वेड लावील अशी आहे. आपल्याकडचा पाकिस्तान भिकारी आहे. पीठाला महाग आहे. नाणेनिधीच्या दारात कटोरा घेऊन उभा आहे, येत्या दिवाळीपर्यंत त्याचे चार तुकडे होणार आहेत (कुठली दिवाळी, ते विचारायचं नाही). आणि हाच मरतुकडा भिकारी बिहारची निवडणूक ठरवतो! २९ ऑक्टोबर २०१५ला रक्सौलच्या सभेत अमित शहांनी बजावलं होतं की भाजप हरला तर फटाके पाकिस्तानात फुटतील. भाजप हरला. नितीशकुमार जिंकले. फटाक्यांचं काय झालं ते कराचीलाच ठाऊक. पण २०१७ साली त्याच नितीशकुमारांना भाजपने परत पोटाशी धरलं. पाकिस्तानने फटाक्यांचे पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

त्यांच्याकडचा हिंदुस्थानही असाच बहुगुणी. तो भेकड, कारस्थानी बनिया. दोन तडाखे बसले की धोतर सोडून पळणारा. आणि त्याच वेळी इतका सर्वव्यापी की क्वेट्टात फटाका वाजला तरी त्यामागे ‘रॉ’. १९६५ साली खुद्द अयूब खानांनी लेखी आदेशात लिहून ठेवलं होतं की योग्य जागी, योग्य वेळी एक-दोन जोरदार ठोसे बसले की हिंदूंचं मनोधैर्य टिकायचं नाही. पुढल्या आठवड्यात, ६ सप्टेंबरला, भारतीय फौज लाहोरच्या दिशेने निघाली तेव्हा फील्ड मार्शलसाहेबांना मनोधैर्यशास्त्राचा नव्याने अभ्यास करावा लागला. आपणच विकलेली भांग आपणच प्यालं की असंच होतं. भाषणातला शत्रू लोकांसाठी असतो. सेनापतीने त्यावर विश्वास ठेवला की सैनिक मरतात.

पण सेनापती परवडले, निदान त्यांना नकाशा वाचता येतो. आमच्या वाहिन्यांचं काय? ७ मे २०२५ला सरकारने नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठेवली. यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड अशी जिल्ह्यातली तीन नावं. भोंगे वाजले, यंत्रणा शहाण्यासारखी वागली. वेड्यासारखं वागायचं काम दुसऱ्या रात्री स्टुडिओंनी अंगावर घेतलं. ८ मेच्या रात्री देशातल्या बड्या वाहिन्यांनी कराचीचं बंदर बेचिराख केलं, इस्लामाबाद काबीज केलं, लष्करप्रमुख मुनीर यांना अटकही केली. सकाळी कराचीचं बंदर जागच्या जागी होतं आणि मुनीर खुर्चीवर. नंतर तर फील्ड मार्शल झाले. इतक्या फायद्याची अटक जगाच्या इतिहासात दुसरी नसेल. कळस म्हणजे बातम्यांच्या पार्श्वसंगीताला हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, असं सरकारला १० मेला या मंडळींना लेखी सांगावं लागलं. नाही तर खरा भोंगा वाजला तरी लोक म्हणतील, जाहिरात संपली वाटतं.

तुम्ही म्हणाल, आपलीच अब्रू का काढता? थांबा, दाराशी पाहुणे उभेच आहेत. पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांना परदेशी वाहिनीने विचारलं, भारताची विमानं पाडली म्हणता, पुरावा काय? उत्तर आलं : सगळा समाजमाध्यमांवर आहे! अण्वस्त्रधारी देशाचा संरक्षणमंत्री आणि आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निवृत्त काका यांत फरक उरला तो लाल दिव्याचा. त्यांचे उपपंतप्रधान इशाक दार त्याहून पुढे. त्यांनी भर सिनेटमध्ये ब्रिटिश ‘डेली टेलिग्राफ’चा दाखला दिला की पाकिस्तानी हवाई दल आकाशाचा निर्विवाद राजा आहे. ते पान बनावट होतं. उघडं कुणी पाडलं? त्यांच्याच देशातल्या ‘डॉन’ने. आणि कराचीत हवाई दलाच्या संग्रहालयात २०१९ साली पकडलेल्या भारतीय वैमानिकाचा पुतळा, सोबत त्याच्या चहाचा कप, काचेत मांडून ठेवलाय. राष्ट्राच्या शौर्यगाथेत कपबशीला जागा मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. सामना बरोबरीत सुटला असं माझं मत आहे.

इथवर हसलो. आता जरा न हसण्याची गोष्ट.

या राक्षसबाजीने खरा तोटा काय होतो, हे महाराष्ट्राइतकं कुणाला कळायला हवं? २६ नोव्हेंबर २००८. मुंबईत १६६ माणसं मेली. साताऱ्याच्या मातीतल्या तुकाराम ओंबळेंनी गोळ्या अंगावर घेत एकाला जिवंत धरला. त्या जिवंत धरण्याची किंमत तेव्हा अनेकांना कळली नव्हती. मेलेला हल्लेखोर राक्षस राहतो. जिवंत हल्लेखोराला नाव असतं, बाप असतो, गाव असतं, आणि ते गाव पाकिस्तानच्या पंजाबात सापडतं. पाकिस्तान म्हणत होता, हा आमचा नव्हेच. त्यांच्याच पत्रकारांनी फरीदकोटला जाऊन त्याचा बाप शोधला. जानेवारी २००९मध्ये त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी मान्य केलं की होय, कसाब पाकिस्तानी आहे. त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. हे कुणी घडवलं? कुठल्या सभेतल्या आरोळीने नव्हे. एका नावाने आणि एका पत्त्याने.

इकडे खटला चालला. साक्षी झाल्या, आरोपीला वकील मिळाला, मे २०१०मध्ये शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती टिकली, २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी झाली. जगापुढे छाती काढून दाखवावी अशी ही गोष्ट. पण आमच्या लक्षात काय राहिलं? बिर्याणी! कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, आपण ती त्याला खिलवतो, म्हणून अख्खा देश वर्षानुवर्षं दातओठ खात राहिला. किती भाषणं त्या बिर्याणीवर शिजली! आणि मार्च २०१५मध्ये खटल्यातले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या परिषदेत शांतपणे सांगून टाकलं की कसाबने बिर्याणी मागितलीही नव्हती आणि त्याला कुणी दिलीही नव्हती. राखीपौर्णिमेला त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याची चर्चा वाहिन्यांवर सुरू झाली, सहानुभूतीची लाट येईल असं वाटलं, म्हणून आपणच ते रचलं, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणजे बघा. हातात कबुलीजबाब, साक्षीदार, रायफल, फोनवरचं संभाषण, गावाचं नाव. एवढा भक्कम ऐवज असताना वर बिर्याणीचा तडका लागतोच. का? कारण आरोपी कितीही नीच असला तरी तो माणूस असतो, रडतो, आणि माणसावर खटला चालवणं कंटाळवाणं असतं. राक्षसाने बिर्याणी खाल्ली पाहिजे. तिकडे खरं बोलणारे दुर्रानी घरी गेले. इकडे गोष्ट रचणारे निकम २०२५मध्ये राष्ट्रपतिनियुक्त खासदार होऊन राज्यसभेत गेले. (कायद्यातल्या कामगिरीसाठी, बिर्याणीसाठी नव्हे. हे आपलं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.)

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पाहिजे तर गोदाघाटावर उभा राहून ओरडून सांगतो : राक्षस म्हटलं की गुन्हेगार सुटतो. राक्षसाला समन्स निघत नाही. राक्षसाचं बँकखातं गोठवता येत नाही. ज्याने पैसे पाठवले, ज्याने हत्यार दिलं, ज्याने गणवेशात बसून डोळेझाक केली, तो माणूस त्या शिंगं-दात लावलेल्या पुतळ्यामागे आरामात बसतो आणि आपलाच आरडाओरडा त्याला पांघरूण घालतो. रावळपिंडीतल्या सेनाधिकाऱ्यांना भारतीय वाहिन्यांइतका स्वस्त संरक्षक दुसरा कुठे मिळणार?

गंमत अशी की ज्यांना खरोखर लढाईशी काम पडतं ते इतके तारस्वरात बोलत नाहीत. नाशिक त्याचं जिवंत उदाहरण. देवळालीचं तोफखान्याचं विद्यालय आधी काकूलला होतं, १९४१ साली इथे आलं. त्या काकूलमध्ये आज पाकिस्तानची लष्करी प्रबोधिनी आहे. ओझरच्या एचएएलचा कारखाना १९६४ साली उभा राहिला तो मिग विमानांसाठी. तिथेच पुढे सुखोई तयार झाली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. या शहरात तोफा ऐकत मुलं मोठी होतात, बापाच्या हाताला विमानाचं तेल लागलेलं असतं. पण ‘घुसून मारू’ ओरडतो कोण? ज्याने आयुष्यात घंटागाडीखेरीज कशाच्या मागे धाव घेतली नाही तो.

आणि नाशिकरोडची प्रेस? १ ऑक्टोबर १९४७ला पाकिस्तानची पहिली टपाल तिकिटं निघाली ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर त्या देशाचं नाव छापून. आणि ती छपाई झाली आमच्या नाशिकरोडला. त्याच महिन्यात टोळीवाले काश्मिरात घुसले, युद्ध पेटलं. एप्रिल १९४८मध्ये युद्ध चालूच होतं आणि पाकिस्तानात नव्या नोटा चलनात आल्या. ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरं मिरवणाऱ्या. छापल्या कुठे? नाशिकरोडलाच! त्यांची स्टेट बँक उघडली ती १ जुलै १९४८ला, तोवर त्यांची रिझर्व्ह बँकही आपलीच. आज असं काही निघालं तर प्रेसच्या दारात कितव्या मिनिटाला मोर्चा येईल? तेव्हा वाटणीचा करार झाला होता, तो पाळला. त्याने भारत दुबळा झाला नाही, काश्मिरात लढायचा थांबलाही नाही.

असलं शहाणपण आजही चोरून चालू असतं. १९८८च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, ही ठिकाणं आहेत, इथे हल्ला करू नका म्हणून. १९९२पासून एक वर्ष खंड नाही. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, पुलवामा झालं, याद्या गेल्या-आल्या. ऑपरेशन सिंदूरनंतरच्या १ जानेवारीलाही गेल्या. विचार करा : वर्षाचे ३६४ दिवस ज्याला पिसाळलेला म्हणायचं, त्याच्या हातात ३६५व्या दिवशी स्वतःच्या अणुभट्ट्यांचे पत्ते ठेवायचे. सरकारांचा स्वतःच्या भाषणांवर विश्वास नसतो याहून मोठा पुरावा हवा कशाला? विश्वास ठेवायची जबाबदारी फक्त आपल्यावर.

आणि बिलही आपल्यालाच. कांद्याचंच घ्या, नाशकात बसून कांदा न घेऊन चालणार कसं? फेब्रुवारी २०१९मध्ये पुलवामानंतर आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावलं. छान. सप्टेंबरात कांदा महागला आणि सरकारी एमएमटीसीची आयातनिविदा निघाली. कुठला कांदा चालेल, त्या यादीत इजिप्त, चीन, अफगाणिस्तान आणि... पाकिस्तान! सात महिन्यांत राक्षसाचा कांदा सात्त्विक झाला. शेतकरी नेत्यांनी आरडाओरड केली तेव्हा यादीतून नाव गळलं. पुढे ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यातच बंद केली, ती ४ मे २०२४पर्यंत. लासलगाव, पिंपळगावला शेतकरी रस्त्यावर कांदा ओतत होता, तेव्हा आखाती बाजारातली आपली रिकामी जागा कुणी भरली? पाकिस्तानी कांद्याने. म्हणजे शत्रूला भरघोस परकीय चलन मिळवून देणारा निर्णय दिल्लीत झाला आणि एकाही राष्ट्रभक्त अँकरच्या घशाला खरखर सुटली नाही. कांद्याला शिंगं नसतात ना. शिवाय तो शत्रूला रडवण्याऐवजी निफाडच्या शेतकऱ्याला रडवतो.

क्रिकेटचंही तेच. सप्टेंबर २०२५च्या आशिया चषकात खेळायचं, पण हस्तांदोलन करायचं नाही. जिंकायचं, पण चषक मोहसीन नक्वींच्या हातून घ्यायचा नाही. नक्वी हे एकाच वेळी पाकिस्तानचे गृहमंत्री, त्यांच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष आणि आशियाई क्रिकेटचेही अध्यक्ष; म्हणजे स्वतःशीच बैठक घेऊ शकणारे गृहस्थ. त्यांनीही रुसून चषक उचलला आणि चालते झाले. आपल्या पोरांनी रिकाम्या हातांनी चषक उंचावल्याचा अभिनय केला. तात्पर्य, हात मिळवला तर राष्ट्रद्रोह, जाहिरातींचा पैसा मिळवला तर राष्ट्रकार्य.

या राक्षसाचा खरा उपयोग मात्र घरात होतो. सीमेपलीकडच्याला तो घाबरवत नाही, शेजारच्याला गप्प करतो. २०१४ साली गिरिराज सिंहांनी मोदीविरोधकांना पाकिस्तानचा रस्ता दाखवला. डिसेंबर २०२४मध्ये आमचे मंत्री नितेश राणे यांनी अख्खं केरळच ‘मिनी पाकिस्तान’ करून टाकलं. जे अयूब, झिया, मुशर्रफ यांना जमलं नाही ते राणेसाहेबांनी एका भाषणात केलं : पाकिस्तानला एक नवं राज्य मिळवून दिलं! वांद्र्याच्या ‘कराची स्वीट्स’च्या मालकाला २०२०मध्ये शिवसेनेच्या एका नेत्याने दटावलं, पाटी बदला, त्याने नावावर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. फाळणीने ज्यांचं शहर हिरावलं त्यांच्याकडे उरलेलं नावही आम्हाला सलतं.

पलीकडे? नवाझ शरीफ यांच्यावर विरोधकांनी ‘मोदी का जो यार है, गद्दार है’ची घोषणा सोडली, बिलावलही त्या कोरसात होते. त्याही आधी, १९६५च्या निवडणुकीत अयूब खानांच्या विरोधात एक वृद्ध बाई उभी राहिली, तर तिला भारतधार्जिणी ठरवण्यात आलं. बाईंचं नाव फातिमा जिना. पाकिस्तान ज्याने मिळवला त्याची सख्खी बहीण! जिथे जिनांची बहीण भारताची हस्तक ठरते, तिथे आपल्या गल्लीतल्या प्राध्यापकाने पाकिस्तानचा हस्तक ठरल्याचं वाईट वाटून घेऊ नये. पंगत मोठी आहे.

आता ठरलेला प्रश्न येणार : मग काय, पहलगाम विसरायचं? मुळीच नाही. २२ एप्रिल २०२५ला २६ माणसं मारली गेली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली. ज्यांनी मारलं, पाठवलं, पोसलं, त्यांना शोधा, नावं घ्या, पुरावे जगाच्या तोंडावर फेका, गरज पडली तर बंदूकही चालवा. ते काम देवळालीत आणि ओझरला शिकवलेल्या माणसांना येतं. पण त्या २६ जणांच्या चितेवर बिहारची, महापालिकेची आणि वाहिनीच्या प्रेक्षकसंख्येची पोळी भाजू नका. मेलेल्यांना न्याय हवा असतो. आरोळी हवी असते ती जिवंत उमेदवाराला.

तेव्हा पुढची सभा ऐकाल तेव्हा एक करा. वक्ता राक्षसाच्या शिंगांपर्यंत पोचला की उभे राहा आणि नम्रपणे विचारा : साहेब, माणसाचं नाव काय? पुरावा काय? आणि कांद्याला आज भाव काय? तिसऱ्या प्रश्नाच्या आत तुम्हाला पाकिस्तानात जायला सांगतील, माझी पैज. तेव्हा चौथा प्रश्न विचारायचा : जाऊ कसा? अटारी तुम्ही बंद केलीत, विमानांचा मार्ग तोडलात, व्हिसा रद्द केलात. माझ्याकडे आहे तो फक्त पासपोर्ट, आणि तोही आमच्या नाशिकरोडला छापलेला.